सत्त्याण्णव टक्के कशाचे?

ठाण्यातल्या व्याख्यानमालांची प्रश्नोत्तरे असोत किंवा नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या बैठका, हवामानबदलाचा विषय निघाला की चर्चा हल्ली फार लवकर दोन आकड्यांपाशी येऊन अडकते. एक पक्ष म्हणतो, ९७ टक्के शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे, आता बोलण्यासारखे उरले काय? दुसरा पक्ष म्हणतो, तो आकडा रचलेला आहे, खरा आकडा ०.३ टक्के आहे. त्यापुढे कोणी कोणाचे ऐकून घेत नाही, आणि ज्यांनी खरोखर काही जाणून घ्यायचे म्हणून प्रश्न विचारलेला असतो ते आले तसे परत जातात. या वादातली सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासाच्या सामग्रीतून आलेले आहेत. जॉन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला तो अभ्यास दोन्ही पक्षांपैकी फार थोड्यांनी वाचलेला असतो. जो आकडा आपण इतक्या जोराने एकमेकांवर फेकतो, तो कशाचा आकडा आहे हे विचारण्याची तसदी आपण का घेत नाही?

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. पृथ्वी तापत आहे आणि गेल्या शतकभरातील या तापण्याचे मुख्य कारण माणूस आहे, याविषयी तज्ज्ञांत सहमती आहे. ती अनेकांनी अनेक रीतींनी मोजली आहे आणि दरवेळी ती भक्कमच आढळली आहे. मात्र ही सहमती एका मर्यादित विधानाविषयी आहे. त्या विधानाच्या बाहेरच्या प्रत्येक भाकितावर, प्रत्येक पुरावर आणि प्रत्येक नकाशावर ९७ चा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. शिवाय टक्केवारी हा पुरावा नव्हे. पुराव्याची छाननी कुठवर येऊन पोहोचली आहे, एवढेच ती सांगते. सहमती नाकारणारे चुकतात यात मला शंका नाही. पण सहमती सांगणारेही ती ज्या पद्धतीने सांगतात त्यामुळे तिचे नुकसान होते, असे माझे मत आहे.

प्रथम तो अभ्यास. कुक आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २०११ या काळातील, हवामानबदल किंवा जागतिक तापमानवाढ हे विषय असलेल्या ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश वाचून त्यांची वर्गवारी केली. ६६.४ टक्के सारांशांत तापमानवाढीच्या कारणाविषयी कोणतेही मत नव्हते. ३२.६ टक्क्यांनी मानवी कारण मान्य केलेले होते, ०.७ टक्क्यांनी नाकारलेले होते आणि ०.३ टक्क्यांनी अनिश्चितता व्यक्त केलेली होती. ज्यांनी काही मत व्यक्त केले त्यांच्यापुरते पाहिले तर मान्य करणारे ९७.१ टक्के भरतात. पुढे त्यांनी लेखकांनाच आपापल्या निबंधांची वर्गवारी करायला सांगितले. १,२०० लेखकांनी उत्तरे दिली आणि मत व्यक्त करणाऱ्या निबंधांत मान्यतेचे प्रमाण ९७.२ टक्के निघाले. म्हणजे ‘९७ टक्के शास्त्रज्ञ’ हे शब्दही पुरते बरोबर नाहीत. ते ९७ टक्के निबंध आहेत, आणि तेही मत मांडणारे निबंध.

मग वादातले ते दुसरे ०.३ टक्के कुठून आले? वरच्या अनिश्चिततेच्या ०.३ टक्क्यांशी त्यांचा संबंध नाही. कुक यांच्या वर्गवारीत एक कप्पा असा होता, की ज्यात माणूस हेच निम्म्याहून अधिक तापमानवाढीचे कारण आहे असे सारांशात स्पष्ट आणि मोजून म्हटलेले असावे लागे. मूळ अभ्यासाने या कप्प्यात ६४ निबंध घातले होते. डेव्हिड लेगेट्स आणि त्यांच्या सहकारी टीकाकारांनी ते पुन्हा तपासून ४१ धरले, त्यांना सर्वच्या सर्व ११,९४४ ने भागले आणि ०.३ टक्के हा आकडा जाहीर केला. या गणितात अंकांची चूक नाही. चूक आहे ती मौनाला नकार समजण्यात. कोयनेच्या भूकंपांवर आज लिहिणारा संशोधक आपल्या सारांशात भूपट्ट सरकतात हे प्रथम सिद्ध करीत नाही, आणि हिवतापाच्या औषधावर लिहिणारा डॉक्टर डासांचा संबंध पुन्हा मांडत नाही. शे-दोनशे शब्दांच्या सारांशात माणूस तेच लिहितो जे त्याने नव्याने शोधले आहे. एवढी कडक कसोटी लावायचीच असेल तर ती दोन्ही बाजूंना लावली पाहिजे. मानवी कारण तितक्याच स्पष्टपणे आणि मोजून नाकारणाऱ्या कप्प्यात मूळ वर्गवारीनुसार ९ निबंध होते, म्हणजे एकूणाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी. ज्या मोजपट्टीने दोन्ही पक्ष जवळजवळ नाहीसे होतात, ती मोजपट्टी त्या कामाची नाही.

तरीही कुक यांच्या अभ्यासावरचे आक्षेप सरसकट झटकून टाकण्यासारखे नाहीत, आणि पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते मोकळेपणाने मान्य करावेत. सारांश वाचणारे स्वयंसेवक होते आणि तापमानवाढीबाबत त्यांची भूमिका आधीच ठरलेली होती. ‘मान्यता’ या एका नावाखाली तीन वेगवेगळे कप्पे एकत्र केले गेले. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात ही मान्यता केवळ गृहीत धरलेली होती, उघड मांडलेली नव्हती. ज्या लेखकांना विचारणा झाली त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्क्यांनीच उत्तर दिले. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड टोल यांनी २०१४ साली या पद्धतीवर सविस्तर टीका प्रसिद्ध केली. परंतु त्याच टीकेत त्यांनी हेही नोंदवले की हवामानावरील शोधसाहित्याचा प्रचंड मोठा भाग मानवी कारणाच्या बाजूचा आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नाही. त्यांची टीका मोजण्याच्या पद्धतीवर होती आणि ती तिथेच थांबत होती. ती ज्यांनी आपल्याकडे उद्धृत केली, त्यांनी हे दुसरे वाक्य बहुधा गाळले.

एका अभ्यासात दोष असेल तर विवेकी माणूस काय करतो? तो दुसऱ्या रीतीने मोजून पाहतो. नेओमी ओरेस्केस यांनी २००४ साली ९२८ सारांश तपासले होते; मानवी कारणाला विरोध करणारा एकही त्यांना आढळला नव्हता. डोरान आणि झिमरमन यांनी २००९ साली निबंध मोजण्याऐवजी माणसांना विचारले. जागतिक सरासरी तापमान बदलण्यात मानवी व्यवहारांचा लक्षणीय वाटा आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. भूविज्ञानाच्या सर्व शाखांतील ३,१४६ जणांनी उत्तरे दिली आणि ८२ टक्क्यांनी होकार दिला. त्यांच्यातले जे हवामानशास्त्रज्ञ होते आणि ज्यांचे निम्म्याहून अधिक अलीकडचे लेखन हवामानबदलावरच होते, अशांपैकी ७७ जणांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्यांतले ७५ होकारार्थी होते. उलट, खनिजांचा शोध घेणाऱ्या भूवैज्ञानिकांत होकार ४७ टक्के होता. केवळ ७७ माणसांवर जगाचा निर्णय कसा ठरवायचा, हा आक्षेप त्या वेळी रास्त होता. म्हणूनच २०२१ साली तशाच रीतीने २,७८० जणांकडून उत्तरे मिळवली गेली, आणि या वेळी प्रश्नही अधिक कडक होता: तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे होत आहे का? एकूण ९१ टक्के आणि हवामानतज्ज्ञांत ९८.७ टक्के होकार आला. तज्ज्ञांतला तुलनेने कमी आकडा ज्या काळजीपूर्वक अभ्यासात सापडतो त्यात, म्हणजे बार्ट फरहेगन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या १,८६८ उत्तरदात्यांच्या पाहणीत, या विषयावर दहाहून अधिक निबंध लिहिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी हरितगृह वायू हेच मुख्य कारण मानले होते.

कोणी म्हणेल, आकडे इतके बदलतात म्हणजे सगळेच अविश्वसनीय. मुंबई महानगरात राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. दोन्ही पर्जन्यमापके खरे सांगत होती. पर्जन्यमापक कुठे होते हे सांगितल्याशिवाय पावसाचा आकडा अपुरा राहतो, तसाच कोणाला आणि काय विचारले हे सांगितल्याशिवाय सहमतीचा आकडा अपुरा राहतो. ८२ आणि ९७ यांत विरोध नाही. उलट त्यांच्यातल्या अंतरातच खरी माहिती आहे. विषयाच्या जितके जवळ जावे तितकी सहमती वाढत जाते. एखादे मत जर केवळ फॅशन म्हणून किंवा भीतीपोटी पसरलेले असते, तर त्यातली पोकळी प्रथम कोणाला दिसली असती? जे रोज त्या नोंदी हाताळतात त्यांनाच. इथे घडते ते नेमके उलट.

यावर येणारा सर्वांत वजनदार आक्षेप माझ्या मते असा: विज्ञान मतदानाने चालत नाही, आणि बहुसंख्य तज्ज्ञ याआधी चुकले आहेत. गॅलिलिओ आणि खंड सरकतात असे सांगणारे वेगेनर यांची नावे या ठिकाणी नेहमी येतात. त्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही, आपल्याच भूमीवरचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो कसा पसरतो याविषयी घाण, दूषित जमीन, कोंदट हवा, रोग्याचा संसर्ग अशी नाना मते होती. १८९८ साली, तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत, पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवले की हा रोग उंदरावरची पिसू एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेते. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हे मत जवळजवळ विचारातच घेतले नाही. सिमोन बरोबर होते आणि आयोग चुकला होता. त्या चुकीची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली. घरे उघडी पाडली गेली, माणसे छावण्यांत हलवली गेली आणि मूळ वाहक मोकळाच राहिला. तेव्हा तज्ज्ञांचे मंडळ चुकू शकते, हे मला मान्य आहे. ते नाकारणे म्हणजे इतिहास नाकारणे होईल.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग सांगितला जात नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले. पिसवा असलेल्या जागेत ठेवलेले प्राणी मरत होते. बारीक जाळीने पिसवांपासून वाचवलेले, पण त्याच हवेत आणि त्याच जागेत ठेवलेले प्राणी जगत होते. काही वर्षांत सहमती पालटली आणि ती पुन्हा मागे गेली नाही. सिमोन एकटे होते म्हणून बरोबर ठरले नाहीत. त्यांच्या म्हणण्याची परीक्षा घेता येत होती, ते त्या परीक्षेत टिकले आणि बाकीची मते टिकली नाहीत, म्हणून ते बरोबर ठरले. आज मानवी कारण नाकारणाऱ्यांचे असे एक सुसंगत म्हणणे कोणते आहे? कोणी सूर्याकडे बोट दाखवतो, कोणी विश्वकिरणांकडे, कोणी नैसर्गिक चक्रांकडे, आणि कोणी तापमान वाढलेलेच नाही असे म्हणतो. ही मते केवळ बहुमताच्या विरुद्ध नाहीत, ती एकमेकांच्याही विरुद्ध आहेत.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. या विषयातला एकाकी आवाज होता तो तापमानवाढ सांगणाऱ्यांचाच. मुंबईत प्लेग आला त्याच वर्षी, १८९६ साली, स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. १९०० साली क्नुट अँगस्ट्रॉम यांच्या प्रयोगावरून बहुतेकांनी असा निष्कर्ष काढला की हवेतला हा वायू जितकी उष्णता शोषू शकतो तितकी आधीच शोषतो, त्यात भर पडल्याने फरक पडणार नाही. आणि अऱ्हेनियस यांची कल्पना जवळजवळ टाकून दिली गेली. १९३८ साली गाय कॅलेंडर या इंग्लिश अभियंत्याने जगभरच्या तापमापकांच्या नोंदी गोळा करून पृथ्वी तापत आहे असे दाखवले, तेव्हाही प्रस्थापित हवामानतज्ज्ञ त्याच्याशी सहमत नव्हते. १९५० च्या दशकात गिल्बर्ट प्लास यांनी वातावरणाच्या थरांतून उष्णता कशी जाते याचे गणित नव्याने करून अँगस्ट्रॉम यांच्या आधारे घेतलेला आक्षेप दूर केला. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. प्रस्थापितांनी नाकारलेले मत पुराव्याच्या बळावर कसे पुढे येते, याचेच हे उदाहरण आहे.

पुढची वाटचालही घाईची नाही. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, १९९५ साली एवढेच म्हणाले की हवामानावर माणसाचा प्रभाव दिसून येतो असे पुराव्यांवरून वाटते. २००१ मध्ये त्यांनी मानवी कारणाची शक्यता ६६ टक्क्यांहून अधिक मानली, २००७ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक, २०१३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक, आणि २०२१ मध्ये ते निःसंदिग्ध असल्याचे म्हटले. १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ त्यांनी १.०७ अंश सेल्सिअस धरली आणि तिची संभाव्य व्याप्ती ०.८ ते १.३ अशी दिली. ठरवून एका सुरात बोलणारी टोळी अशी पायरी-पायरीने बोलते का? सत्तरच्या दशकात हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते, हा आक्षेपही मोजून पाहिला गेला आहे. १९६५ ते १९७९ मधील ७१ निबंधांत थंडावा भाकित करणारे ७ होते आणि तापमानवाढ भाकित करणारे ४४. त्या काळच्या मासिकांचे मथळे मात्र त्या सातांनी मिळवले.

सहमतीचा पाया पुराव्यावर आहे, म्हणून तोही थोडक्यात सांगितला पाहिजे. कोळसा आणि खनिज तेल वनस्पतींपासून बनलेले असल्यामुळे त्यांच्यातील कार्बनमध्ये जड समस्थानिकाचे, म्हणजे कार्बनच्याच किंचित वजनदार अणूंचे, प्रमाण कमी असते. हवेतल्या कार्बनमध्येही ते प्रमाण त्याच दिशेने घटत आहे, म्हणजे वाढलेला वायू कुठून आला हे त्याच्यावरच लिहिलेले आहे. सूर्याची तीव्रता १९७८ पासून उपग्रहांनी मोजली जाते. तिच्यात तापमानवाढीचा खुलासा करील अशी वाढ नाही. आणि सर्वांत निर्णायक खूण अशी: सूर्य अधिक तापल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि वरचे स्थितांबर थंड होत आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास असे होईल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने सांगितले होते. ते मोजण्याची साधने नंतर आली. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले.

नोबेलचा उल्लेख आला म्हणून आणखी एक मुद्दा. २०२२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी जॉन क्लाउझर यांनी हवामान संकट नाहीच असे म्हटले, आणि ते विधान आपल्याकडे मोबाइलवरून भरपूर फिरले. क्लाउझर यांचे क्वांटम भौतिकीतील काम श्रेष्ठ आहे. पण रोनाल्ड फिशर हे आधुनिक संख्याशास्त्राच्या जनकांपैकी एक होते, आणि तरीही धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे ते अखेरपर्यंत नाकारत राहिले. त्यांच्या विद्वत्तेने तो रोग थांबला नाही. तंबाखू कंपन्यांना अशा आवाजांची किंमत पुरेपूर ठाऊक होती; १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात शंका हाच आपला माल असल्याचे लिहिले गेले होते. सहमती मोजण्याची गरज का पडली, याचे उत्तर इथे आहे. लोकांच्या मनात तज्ज्ञांत फूट आहे एवढे ठसवले, की पुराव्याला हात न लावता निर्णय लांबणीवर टाकता येतो.

अनुदानासाठी सगळे एकाच सुरात बोलतात, या आरोपाला मी गंभीरपणे घेतो, कारण संशोधनात पैशाचा प्रभाव असतो हे खरे आहे. मग ज्यांचे हित नेमके उलट बाजूला होते त्यांचे काय? एक्सॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेल्या तापमानाच्या भाकितांची छाननी २०२३ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांतली बहुसंख्य बरोबर ठरलेली आढळली. रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या नोंदींविषयी शंका होती. कोळसा-तेलाच्या व्यवसायातील कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडूनही अर्थसाहाय्य घेऊन त्यांनी सर्व नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ साली तापमानवाढ खरी असून जवळजवळ सर्वस्वी मानवी आहे, असा निष्कर्ष जाहीर केला. शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूला, लेनिनग्राडमध्ये, मिखाईल बुडिको सत्तरच्या दशकाच्या आरंभीच तापमानवाढीचा अंदाज मांडत होते. तेल कंपनी, शंकेखोर प्राध्यापक आणि सोव्हिएत संशोधक यांना एकच अनुदान कोण देत होते?

इथवर मी सहमतीची बाजू मांडली. आता तिच्या सीमेविषयी, कारण आपल्या भागातल्या चर्चेत सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता असल्याचे लिहिले गेले. ते एका संस्थेच्या अहवालातून उचललेले, समतज्ज्ञांनी न तपासलेले विधान होते. भारताचे हिमनदीतज्ज्ञ विजयकुमार रैना यांच्या २००९ च्या अहवालातून वेगळे चित्र पुढे आले. त्याला प्रथम अवमानकारक उत्तर मिळाले, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. हिमनद्या वितळत आहेत ही सहमती होती. २०३५ हे साल तिच्यात कधीच नव्हते. तसेच २०१९ साली मुंबई-नवी मुंबई २०५० पर्यंत पाण्याखाली गेलेली दाखवणारे नकाशे घरोघरी पोहोचले. तो एक शोधनिबंध होता. भरतीच्या आणि वार्षिक पुराच्या पातळीखाली येऊ शकणारी जमीन त्याने नव्या उंचीमापनाने काढली होती आणि बांध-बंधारे हिशेबात धरलेले नव्हते. त्याचे मोल आहे, पण त्यावर ‘९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ असे लिहून पुढे पाठवणाऱ्यांनी सहमतीचीच पत कमी केली. पावसाचेही तसेच. भारत सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. यातल्या पहिल्या आकड्याच्या कारणाविषयी फारसा वाद नाही. दुसऱ्यात धूलिकण, जमिनीचा वापर आणि समुद्राचे तापणे यांचा वाटा किती, हे अजून तपासले जात आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसे गेली. त्यानंतरचा वाद आठवतो. काहींनी हवामानबदल असे म्हणून विषय मिटवला, काहींनी हवामानबदल हे नियोजनाच्या चुकीवरचे पांघरूण आहे असे म्हटले. त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी करून पाहिली असती तर काय दिसले असते? तापमानवाढीमुळे उष्णतेच्या लाटा वारंवार आणि तीव्र होतात, याविषयी सहमती आहे. त्या एप्रिलमधील भारत-बांगलादेशातील दमट उष्णतेची लाट तापमानवाढीमुळे किमान ३० पट अधिक संभवनीय झाली, हा महिन्याभरात झालेल्या एका शीघ्र अभ्यासाचा अंदाज आहे. तो मोलाचा आहे, पण सहमतीच्या पायरीवरचा नाही. आणि लाखो माणसांना दुपारी छपराविना बसवायचे की नाही, हा माणसांचा निर्णय होता, त्याचे उत्तर कोणत्याही टक्केवारीत नाही. पहिली गोष्ट खरी असल्यामुळे तिसरीची जबाबदारी कमी होत नाही. उलट, लाटा वाढणार हे माहीत असताना घेतलेला निर्णय म्हणून ती वाढते.

नवी मुंबईपुढचा खरा प्रश्न याच रीतीने विचारता येईल. सिडकोने हे शहर वसवताना भरतीच्या पातळीच्या आसपासची सखल जमीन कोरडी ठेवण्यासाठी धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात साठलेले, आणि ओहोटी लागली की ते खाडीत सोडायचे, अशी ती रचना आहे. जागतिक समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. ही सहमतीतली विधाने आहेत. समुद्र जितका वर येईल तितका झडपा उघडण्याचा अवधी कमी होईल, हे साधे जलशास्त्र आहे. पण तो अवधी आज किती उरला आहे, गाळाने आणि कांदळवनांनी तलावांची क्षमता किती घटली आहे, आणि भरती व अतिवृष्टी एकत्र आली तर वाशी किंवा बेलापूरमध्ये पाणी किती तास तुंबेल, हे जगातली कोणतीही सहमती सांगणार नाही. मुंबई बंदरात अपोलो बंदरापाशी १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. धारण तलावांचा गाळ काढण्यावरून आणि त्यांतल्या कांदळवनांवरून जी भांडणे चालू आहेत, त्यांत दोन्ही पक्षांनी झडपांची पातळी त्या नोंदीशेजारी ठेवून, पुढल्या तीस वर्षांसाठी कोणती भरती गृहीत धरली आहे हे नियोजनकर्त्यांकडून लेखी मागावे.